क्रूझ एक दिवस पॅसिफिकमधल्या फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावा बेटावर थांबणार आहे. उतरावं की जहाजावरच आराम करावा?

उतरा. फक्त बोरा बोरा बेटाचे डोंगर आणि रिसॉर्ट डोक्यात ठेवून उतरू नका, नाहीतर तासाभरात "इथे काहीच नाही" म्हणत परत याल. आमच्या जहाजावरची बरीच मंडळी अशीच जेवायच्या वेळेला बुफेच्या रांगेत हजर होती.

तुम्ही लिहिलंय की ताहितीहून निघालेली बोट तिथे सकाळी थांबून संध्याकाळी निघते, सोबत सासूबाई आहेत आणि नेटवर नुसते शार्कचे फोटो दिसतात. ते फोटो बहुतेक दक्षिण टोकाच्या तुमाकोहुआ खिंडीतले (खिंड म्हणजे प्रवाळाच्या कड्यातली समुद्राकडे उघडणारी वाट) असणार. जून-जुलैच्या पौर्णिमेच्या सुमारास तिथे ग्रुपर मासे अंडी घालायला जमतात आणि त्यांच्या मागावर शेकडो शार्क. पण मोठी जहाजं नांगर टाकतात उत्तरेला, रोतोआवा गावासमोर. मधलं लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने वेढलेलं शांत पाणी, सुमारे 60 किलोमीटर लांब. स्पीडबोटीने जाऊन-येऊन निम्मा दिवस खलास, वर लाटांचे दणके. पट्टीचे डायव्हर नसाल तर त्या नादी लागू नका.

त्यापेक्षा सकाळी लवकर उठून डेकवर जा. जहाज गारुआए खिंडीतून लगूनमध्ये शिरतं. ही खिंड दीड किलोमीटरहून रुंद आहे, तरी भरती-ओहोटीला एवढ्या लगूनचं पाणी मुख्यतः अशा दोनच खिंडींतून आत-बाहेर करतं. पाण्याला काय ओढ असते ते वरूनही दिसतं. नाश्ता नंतर मिळतो.

गावात बघायचं काय, तर जमीनच. इथला मूळचा ज्वालामुखी केव्हाच खचून बुडाला, त्याच्या कडेचं प्रवाळ मात्र वर वर वाढत राहिलं, तेच हे कड्यासारखं बेट. डार्विनने हा तर्क 1842 मध्ये छापला. पुढे 1952 मध्ये मार्शल बेटांतल्या एनिवेटोकवर बोअर मारली, तेव्हा हजार मीटरहून जास्त चुनखडीखाली खरोखरच ज्वालामुखीचा खडक लागला. एवढं ठाऊक असलं की रोतोआवातलं चालणं कंटाळवाणं होत नाही. एका हाताला शांत लगून, दुसऱ्या हाताला उघडा पॅसिफिक, मध्ये चिंचोळी पट्टी. डोंगर नाही, नदी नाही. पत्र्यावरचं पाणी पन्हळीतून टाकीत साठवायचं. म्हणून पिण्याचं पाणी जहाजावरून भरून न्या, गावात मागत फिरू नका. हजारभर वस्तीच्या बेटावर आपण एका सकाळी तेवढेच लोक उतरवतो, हे जरा लक्षात असू द्यावं.

रस्ता सपाट आहे, सायकल भाड्याने मिळते. पायात जुने बूट घाला, प्रवाळ तळव्याला कापतं. जेट्टीजवळ एक गृहस्थ मासा साफ करत होते. आतडी पाण्यात टाकली की घोटाभर पाण्यात काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क गोळा व्हायचे, आणि ते गृहस्थ त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते. सहल न घेता मला दिसलेले शार्क हेच, आणि तेवढे पुरले.

पैसे खर्चायचेच तर काळ्या मोत्यांच्या शेतीवर जा. जिवंत शिंपला जेमतेम बोटभर उघडतात, आत दुसऱ्या शिंपल्याच्या त्वचेचा बारीक तुकडा आणि एक पांढरा गोल मणी सरकवतात. हा मणी बहुतेक वेळा अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या शिंपल्यांपासून केलेला असतो! मग शिंपला दोरीला टांगून दीड-दोन वर्षं लगूनमध्ये. मोती घेताना घासाघीस करू नका, तिकडे तशी पद्धत नाही. तिथल्या चलनाची, पॅसिफिक फ्रँकची, थोडी रोकड ताहितीतच काढून ठेवा. रविवार असेल तर बरंचसं बंद आणि सगळे चर्चमध्ये. ते गाणं बाहेर उभं राहून ऐकलंत तरी चालेल.

मासे खाणाऱ्यांनी 'इया ओता' चुकवू नये: कच्चा ट्यूना, लिंबू, ताज्या नारळाचं दूध. शाकाहारी असाल तर जहाजावर पोटभर खाऊन उतरा.

आता सासूबाई. धक्क्याला जहाज लागत नाही, छोट्या टेंडर बोटीने जावं लागतं. चढता-उतरताना बोट हलते, पण खलाशी दोन्ही दंड धरून घेतात. गुडघे फार दुखत नसतील तर न्या. सकाळच्या पहिल्या गर्दीनंतरची टेंडर पकडा आणि परतताना शेवटच्या टेंडरवर विसंबू नका, तिथे उन्हात रांग लागते. जेट्टीजवळ झाडाखाली बसायला सावली आहे.

आणि हो, भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसावर निर्धास्त राहू नका. फ्रेंच पॉलिनेशिया शेंगेन क्षेत्रात येत नाही. तुमच्या बाबतीत नेमकं काय लागतं ते तिकिटं काढायच्या आधी फ्रेंच वकिलातीकडून विचारून घ्या.