'वतनाचा विसार': छपाईची चूक की जुना शब्द?

नाशिकरोडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. बायबलच्या अभ्यासगटात इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय चालू होता. चौदाव्या वचनात पवित्र आत्म्याला 'आपल्या वतनाचा विसार' म्हटलेलं आढळलं आणि गटात तीन मतं पडली. एकाने तो 'विसरणे'शी जोडला, दुसऱ्याने 'इसार'ची छपाईतली चूक ठरवली, तिसऱ्याने 'सार'ला 'वि' उपसर्ग लावून 'विशेष सार' असा अर्थ काढला. यातलं खरं कोणतं, आणि असा शब्द अडला तर अभ्यास कसा करावा?

दुसऱ्याचा कान बरोबर आहे, पण छपाईत चूक नाही. इसार आणि विसार ही एकाच शब्दाची दोन रूपं: सौदा पक्का करताना आगाऊ दिलेली रक्कम. 'इसारपावती' जितकी ऐकू येते तितकीच 'विसारपावती'ही दस्तलेखकांकडे आजही लिहिली जाते. विसरण्याशी त्याचा काही संबंध नाही. 'वि + सार' ही फोड तर धोक्याचीच. शब्द तोडून अर्थ काढायची सवय बायबलच्या अभ्यासात सगळ्यात जास्त घोटाळे करते. शब्दाचा अर्थ तो कसा वापरला जातो यात असतो, त्याच्या तुकड्यांत नाही.

म्हणून आधी आपल्याकडचा वापर पाहू. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत व्यापारी येतो, चार घडांचे मणी तोडून गोडी बघतो, किलोचा भाव ठरतो, तोडणीची तारीख ठरते. मग तो शेतकऱ्याच्या हातावर काही रक्कम ठेवतो. हा इसार. आता बागाइतदार तो माल दुसऱ्याला दाखवत नाही. माल उचलला की हीच रक्कम हिशेबातून वजा होते. प्लॉटच्या व्यवहारातही तसंच: विसार दिला की सौदा बांधला गेला, पण मालकी मात्र खरेदीखत नोंदवल्यावरच. यात तीन गोष्टी नीट ध्यानात ठेवा. इसार हा ठरलेल्या रकमेचाच भाग असतो, वेगळी वस्तू नसते. तो देणारा स्वतःला बांधून घेतो, कारण मागे फिरला तर इसार बुडतो. आणि इसार मिळाला म्हणजे सगळं मिळालं असं नव्हे.

हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने वापरलेला मूळ ग्रीक शब्द आहे 'अराबोन'. नव्या करारात तो फक्त तीन ठिकाणी येतो: २ करिंथ १:२२, २ करिंथ ५:५ आणि इफिस १:१४. तिन्ही ठिकाणी विषय पवित्र आत्माच. इतक्या कमी वेळा येणाऱ्या शब्दाला एक अडचण असते. बायबलच्या आतले पुरावे लवकर संपतात, मग त्या काळच्या साध्या कागदपत्रांकडे वळावं लागतं. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंखस गावच्या उकिरड्यांतून निघालेल्या पपायरसांत, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या लिखाणांत, पहिल्या शतकातलं एक पत्र आहे. त्यात लिहिणारा कळवतो की लॅम्पोन नावाच्या उंदीर पकडणाऱ्याला ८ द्राख्मा 'अराबोन' दिले आहेत. म्हणजे हा देवळातला शब्द नव्हे, रोजच्या व्यवहारातला. उंदीर पकडणाऱ्याला जो देतात, तोच शब्द पौल आत्म्यासाठी उचलतो. मराठी भाषांतरकारांनी संस्कृतातला एखादा भारदस्त शब्द न घेता बाजारातला 'विसार' घेतला, ही त्यांची निवड मला फार मोलाची वाटते. मूळ शब्द ज्या पातळीवर बोलतो, मराठी शब्दही त्याच पातळीवर उभा आहे.

पण इथेच पुढची चूक होते. 'अराबोन' हा ग्रीकांनी सेमिटिक (हिब्रूच्या कुळातल्या) भाषांतून घेतलेला शब्द, आणि त्याचं हिब्रू रूप 'एराबोन' जुन्या करारात सापडतं. तेही तीनदाच, आणि तिन्ही वेळा एकाच अध्यायात: उत्पत्ती ३८ मधली १७, १८ आणि २० ही वचनं. यहूदा तामारेला करडू पाठवायचं कबूल करतो आणि तोवर आपली मुद्रा, त्या मुद्रेचा गोफ आणि हातातली काठी तिच्यापाशी ठेवतो. आता हा इसार आहे का? नाही. मुद्रा हा करडाचा भाग नाही. करडू पोचलं की मुद्रा परत घ्यायची, असा तो व्यवहार. मराठीत याला तारण किंवा गहाण म्हणतात. शब्द एकच, व्यवहार दोन. उत्पत्तीतला अर्थ उचलून इफिसकरांत बसवला तर आत्मा ही पुढे परत घेतली जाणारी वस्तू ठरेल, आणि पौलाचं म्हणणं उलटं होईल. चौथ्या-पाचव्या शतकातल्या जेरोम या बायबलच्या विद्वानाने इफिसकरांच्या विवरणात नेमकी हीच तक्रार नोंदवली आहे: लॅटिन भाषांतरात 'पिग्नस' म्हणजे गहाण असा शब्द घातला आहे, पण अराबोन आणि पिग्नस एक नव्हेत.

आजच्या ग्रीक भाषेत याच शब्दाचा अर्थ साखरपुडा असा झाला आहे. त्यावरून आत्म्याला साखरपुड्याची अंगठी म्हणणारी प्रवचनं ऐकू येतात. कल्पना गोड आहे, पण पौलाच्या शब्दात ती नाही. नंतर आलेला अर्थ मागे नेता येत नाही. आणखी एक मोह असतो तो सगळे अर्थ एकाच वचनात भरण्याचा: इसारही, गहाणही, साखरपुडाही. एका वाक्यात शब्द साधारण एकच काम करतो. ते कोणतं, हे वाक्यच सांगतं.

तेव्हा वाक्याकडे येऊ. इफिस १:३ ते १४ हे ग्रीकमध्ये एकच लांबलचक वाक्य आहे. वचनांचे आकडे नव्या कराराला १५५१ साली रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने घातले. पौलाला ते ठाऊक नव्हते. म्हणून चौदावं वचन एकटं वाचू नका. तिसऱ्यापासून मोठ्याने वाचत या. अकराव्यात वतनाचा विषय येतो, तेराव्यात शिक्का मारल्याचा, चौदाव्यात विसाराचा. करिंथकरांच्या १:२२ मध्येही शिक्का आणि विसार शेजारी आहेत. हा सगळा दस्तऐवजांच्या भाषेतला संसार आहे. आता तीन गोष्टी लावून बघा. आत्मा हा त्या वतनाचाच पहिला हप्ता, वेगळी भेटवस्तू नव्हे. इथे विसार देणारा देव आहे, म्हणजे बांधून घेतलंय त्याने. आणि पूर्ण भरणा अजून व्हायचा आहे. एखाद्या भाषांतरात इथे 'हमी' दिसली तर दुसरी गोष्ट टिकते, पण पहिली हातची जाते, कारण हमी ही रकमेचा भाग नसते. उपमा मात्र फार ताणू नका. भाव पडला म्हणून व्यापारी फिरकलाच नाही, असं बागेत होतं. ते चित्र इथे लावायला वाक्यात काहीही आधार नाही.

याच वचनातले आणखी दोन शब्द आज विसारापेक्षाही जास्त फसवतात, कारण ते ओळखीचे वाटतात. पहिला 'वतन'. हिंदी गाण्यांवर वाढलेल्या कानाला वतन म्हणजे देश. मत्तय ५:५ मधलं 'पृथ्वीचे वतन भोगतील' हेही मग मातृभूमीसारखं काहीतरी वाटतं. मराठीतलं वतन म्हणजे पाटीलकी-कुलकर्णीपणासारखा पिढीजात हक्क आणि त्यावर मिळणारं उत्पन्न. ग्रीक 'क्लेरोनोमिया' म्हणजे वारशाचा वाटा, त्याला हा शब्द बराच जवळ जातो. फरक इतकाच की आपल्या वतनाला चाकरी जोडलेली असे. ती चाकरी या वचनात आणू नये.

दुसरा 'खंडणी'. वर्तमानपत्रात तो गुन्ह्याच्या बातमीत येतो: धमकावून उकळलेला पैसा. त्यामुळे 'खंडणी भरून मुक्तता' वाचताना देवाला कोणी धमकावलं, असा प्रश्न मुलं विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. इथे खंडणी म्हणजे कैद्याला किंवा गुलामाला सोडवण्यासाठी भरलेलं मोल. मार्क १०:४५ मध्ये याच अर्थाचा 'लुत्रोन' हा शब्द आहे. नाशिककरांना हा फरक शरणपूरच्या इतिहासातून चटकन समजेल. एकोणिसाव्या शतकात तिथल्या मिशनच्या वसाहतीत गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं राहून शिकली. तिथे शिकलेला जेकब वेनराइट १८७४ साली आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टन याच्या शवपेटीबरोबर लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेपर्यंत गेला. या मुलांची सुटका नौदलाने गलबतं पकडून केली होती. कोणी मोल भरलं नव्हतं. ती मुक्तता होती, पण खंडणी भरून नव्हे. पौल इफिसकरांत जी मुक्तता सांगतो तिला किंमत पडली आहे. सातव्या वचनात तो ती किंमतही सांगतो: ख्रिस्ताचं रक्त.

गटात हे करून बघायचं तर एका शब्दाला दीड तास ठेवा, दोन शब्द एका बैठकीत घेऊ नका. पहिली वीस मिनिटं फक्त उतारा वाचा, दोन वेगवेगळ्या मराठी भाषांतरांतून, आणि जिथे शब्द बदलतो तिथे पेन्सिलीने खूण करा. मग त्या बैठकीचा शब्द, 'विसार', 'वतन' किंवा 'खंडणी', रोजच्या बोलण्यात कुठे येतो ते प्रत्येकाने सांगायचं. गटात शेतकरी किंवा दस्तलेखक असेल तर त्याला आधी बोलू द्या. त्यानंतरच मूळ शब्द. मराठी शब्दावरून शोध घेतला तर फसगत होते, कारण एकाच ग्रीक शब्दाला भाषांतरकार जागेनुसार वेगवेगळे शब्द घालतात. बायबलमधल्या प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक देणारी स्ट्राँगची सूची आहे, तिच्यातल्या क्रमांकाने शोधा: अराबोन ग्रीक ७२८, एराबोन हिब्रू ६१६२, क्लेरोनोमिया २८१७, लुत्रोन ३०८३. फोनवरच्या बायबल अभ्यासाच्या अनेक मोफत ॲपांत हा क्रमांक टाकला की सगळी वचनं समोर येतात. त्या सूचीसोबत दिलेले पाच-सहा अर्थ मात्र वचनात भरू नका. ते सगळ्या ठिकाणांचे मिळून आहेत. शेवटी तुमच्या शब्दांत वचन पुन्हा लिहा आणि त्यात विसाराच्या जागी 'इसार' घालून वाचा. अर्थ जराही हलत नाही, हे तेव्हाच कानाला पटेल.