होडी ट्रेलरवरून लांब न्यायची तर कव्हरआधी बुडाकडे बघा

तुमची १९ फुटी फायबरची होडी मे अखेरीस मांडव्याहून मालवणला न्यायची आहे आणि धूळ-खडीपासून वाचवायला कव्हर कोणतं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. त्यातच एका ओळीत लिहिलंय की ट्रेलर मित्राचा आहे, कागद वाटेत लागले तर बघून घेऊ. त्या एका ओळीमुळे हे लांबलचक उत्तर लिहितोय, कारण आमच्या होडीचं सगळ्यात मोठं नुकसान ना रस्त्याने केलं ना खडीने. ते कागदांपायी झालं.

कव्हरचं आधी सांगून टाकतो. सैल कव्हर बांधण्यापेक्षा उघडी होडी बरी. वाऱ्याने ताडपत्री फडफडत राहते, तिच्याखाली जांभ्याची बारीक धूळ शिरते आणि ४०० किलोमीटरहून जास्त अंतर ती धूळ जेलकोटवर, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थरावर, घासली जाते. मालवणला पोचेपर्यंत कडांची चकाकी गेलेली असेल. मापाने शिवलेलं, घट्ट बसणारं कव्हर असेल तरच घाला. नाहीतर नुसतं मशीन, म्हणजे मागचं इंजिन, झाका आणि आतलं सुटं सामान काढून गाडीत टाका. नांगर तर होडीत ठेवूच नका.

खरा प्रश्न बुडाचा आहे. पाण्यात होडीला सगळीकडून सारखा आधार असतो, ट्रेलरवर तो चार-सहा जागीच मिळतो. वजन मुख्यतः मधल्या कण्यावर यावं आणि बाजूच्या फळ्यांनी होडी नुसती तोलून धरावी. मशीन लावतो ती मागची फळी आधाराच्या टोकावर बरोबर यायला हवी. होडी ट्रेलरच्या मागे हातभर लोंबत असेल तर मशीनच्या वजनाने बूड तिथे वाकतं, आणि एकदा वाकलेलं फायबर पूर्ववत होत नाही. मित्राचा ट्रेलर त्याच्या होडीच्या मापाचा असणार, म्हणून हे आधी तपासा. हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात त्या जागी, एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा यावा. त्याहून फार कमी आला तर उतारावर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो.

बांधायला नायलॉनचा दोर नको. तो ताणतो, ओला झाला की आणखी ताणतो. पॉलिस्टरचे रॅचेट बेल्ट (खटक्याने आवळायचे पट्टे) घ्या, मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर वेगवेगळे, आणि प्रत्येकाला एक पीळ द्या म्हणजे वाऱ्यात थरथरणार नाहीत. पुढे विंचच्या (होडी वर ओढायच्या चरखीच्या) पट्ट्यावर विसंबू नका, तो फक्त ओढायला असतो. नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, वेगळी साखळी हवीच. मशीन वर उचलून त्याच्या पायाखाली ट्रेलरवर टेकणारा दांडा द्या. नुसत्या लॉकवर सोडलं तर प्रत्येक गतिरोधकाला सगळा हिसका मागच्या फळीला बसतो.

आता कागदांचं. कार्यालय कोणतं ते सांगणार नाही, आणि नियम बदलत असतात, त्यामुळे तुमच्या वेळी काय लागेल ते तुमच्याकडच्या माणसाला विचारून खात्री करा. आम्ही होडी गोव्याकडून दापोलीला आणत होतो, जूनच्या तोंडावर. १ जूनपासून मासेमारी बंदी लागते, त्या सुमारास सगळ्यांनाच होड्या वर काढायची घाई असते. वाटेत आम्हाला अडवलं. रुंदी २.६ मीटरच्या आत होती, ट्रेलरची वेगळी नोंदणी होती, होडीचे कागद होते. तरी एका टेबलावर ट्रेलरच्या फाइलमध्ये होडीचे कागद मागायचे आणि दुसऱ्या टेबलावर होडीच्या फाइलमध्ये ट्रेलरचे. नेमका कोणता कागद कमी आहे ते लिहून द्या, एवढंच आम्ही मागत होतो. ते कुणी दिलं नाही. "साहेब आले की बघू." ट्रेलर उघड्या आवारात लावून घेतला आणि आम्हाला घरी पाठवलं.

मी ट्रेलरच्या दांड्याखाली चिऱ्यांचा थर देऊन पुढची बाजू उंच ठेवली होती आणि होडीच्या मागच्या बाजूचं पाणी काढायचं बूच काढून ठेवलं होतं, म्हणजे पावसाचं पाणी मागून निघून जावं. आम्ही नसताना कुणीतरी जागा हवी म्हणून ट्रेलर सरकवला आणि दांडा जमिनीवर टाकून दिला. झालं! नाळ खाली, बूच वर. पाऊस सुरू झाला, कव्हर मध्ये खोलगट होऊन फाटलं आणि सगळं पाणी पुढे साठत गेलं. दोन मीटर रुंद, दीड मीटर लांब आणि सरासरी वीत-भर, म्हणजे २० सेंटिमीटर खोल पाणी धरा: ६०० लिटर, म्हणजे ६०० किलो. जवळपास दुसरी होडीच आत बसवल्यासारखं, आणि तेही सगळं पुढच्या एका रोलरवर. मला खबर लागली तेव्हा मी बादल्या घेऊन गेलो. पण आवारात वस्तूला हात लावायची परवानगी नाही म्हणून फाटकावरच परत पाठवलं. पाणी उपसायचीही परवानगी नाही! शेवटी सोडलं ते त्याच जुन्या कागदांवर, एकही नवा कागद न घेता. रोलरच्या जागी बूड आत दबलं होतं आणि थर सुटले होते. दुरुस्तीचा खर्च आम्हीच सोसला. भरपाईच्या अर्जाला आजवर उत्तर नाही. हे लिहिताना अजूनही राग येतो.

म्हणून माझं ठाम मत: ट्रेलरमालकाचं सहीचं पत्र, ट्रेलरची नोंदणी, होडीची नोंदणी आणि खरेदीची पावती यांचे दोन संच करा आणि ते वेगवेगळ्या फाइलींत ठेवा. अडवलंच तर काय कमी आहे ते लेखी मागा, आणि गाडी सोडून जाण्याआधी ट्रेलर कसा उभा आहे, बूच उघडं आहे का, याचे फोटो काढून त्यांच्याच कार्यालयात अर्जासोबत द्या. आमच्याकडे फोटो नव्हते, त्यामुळे दांडा कुणी टाकला यावर कुणी बोलायलाच तयार नव्हतं. आणि मे अखेर नको. निसर्ग वादळ २०२० च्या ३ जूनला किनाऱ्यावर आलं, तौक्ते २०२१ मध्ये मे महिन्यातच आलं. एप्रिलमध्ये न्या, होडी अडकली तरी निदान कोरडी राहील.

बेअरिंगबद्दल थोडं. निघण्याआधी ग्रीस बदला आणि चहाला थांबाल तिथे हबला (चाकाच्या मधल्या, बेअरिंग असलेल्या भागाला) हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नका. कशेडीला बोगद्याने जात असाल तरी पुढे परशुराम घाट आहेच, तिथे खालच्या गिअरमध्ये उतरा. मालवणला पोचल्यावर गरम हब लगेच खाऱ्या पाण्यात घालू नका. गार होताना तो आत पाणी ओढतो. तासभर थांबा, होडी उतरवा, मग ट्रेलर गोड्या पाण्याने धुवा.

हे सगळं फायबरच्या होडीचं. लाकडी होडीचं गणित वेगळं आहे, वाऱ्याने फळ्या सुकून सांधे उघडतात. ते होडी बांधणाऱ्या कुणा जुन्या सुतारालाच विचारा.

निघण्याआधी आणि पोचल्यावर बूड स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आतले थर सुटलेत. वरचे केसासारखे तडे बहुधा जेलकोटचेच असतात, त्याने घाबरू नका. ट्रेलरवर होडी चढवल्यावर बाजूने आणि मागून एकेक फोटो इथे टाका. मागची फळी आधारावर येते की नाही ते त्यावरून सांगता येईल, आणि फळ्या सरकवायच्या असतील तर किती ते मापही देईन.