विचित्र नावाची गोष्ट छापण्याआधी

चिरंजीवास आशीर्वाद.

विचित्र नावांवरच्या लेखासाठी तू काढलेली यादी वाचली. त्यातली ‘ले-आ’ची गोष्ट आधी काढून टाक. नाव लिहायचं ‘ले-आ’, पण मधल्या रेघेला इंग्रजीत ‘डॅश’ म्हणतात म्हणून वाचायचं ‘लेडॅशा’, अशी ही अमेरिकेतली गोष्ट. सांगणाऱ्याने ते मूल कधी पाहिलेलं नसतं. त्याच्या ओळखीच्या नर्सने किंवा शिक्षिकेने पाहिलेलं असतं आणि दर वेळी गाव वेगळं असतं. आई मात्र बहुतेक वेळा गरीब आणि कृष्णवर्णीय असते. गोष्टीत कोणाला हसायचं हे आधी ठरलेलं असेल, तर तिच्यावर दुप्पट संशय घे.

पण ऐकायला अशक्य वाटतं म्हणून खोटं, असंही धरू नकोस. न्यूझीलंडमध्ये २००८ साली नऊ वर्षांच्या एका मुलीचं नाव ‘टलुला डझ द हुला फ्रॉम हवाई’, म्हणजे ‘टलुला हवाईचा हुला नाच करते’, असं होतं. ते बदलता यावं म्हणून न्यू प्लिमथच्या कौटुंबिक न्यायालयाने तिला स्वतःच्या पालकत्वाखाली घेतलं. न्यायाधीश रॉब मर्फिट यांच्या निकालात अशा इतर नावांचीही नोंद आहे. ‘फिश’ आणि ‘चिप्स’ ही जुळ्यांची नावं नाकारली गेली, ‘नंबर १६ बस शेल्टर’ मात्र मंजूर झालं होतं. ‘ले-आ’च्या गोष्टीला असा आधार नाही. टलुलाच्या बाबतीत न्यायालय, वर्ष आणि निकाल तिन्ही दाखवता येतात.

आता आपल्याकडचं. धोंडू, दगडू, केरू, भिकाजी ही नावं तू ‘गमतीदार’ या सदरात टाकली आहेस, ती तिथून हलव. आधीची मुलं दगावली की पुढच्याला दृष्ट लागू नये, मृत्यूने त्याच्याकडे वळून पाहू नये, म्हणून मुद्दाम हलकं नाव ठेवत. ‘नकोशी’ याच्या अगदी उलट. तिथे मूल जगावं ही धडपड नाही, पुन्हा मुलगी होऊ नये हा नवस आहे. ती दंतकथाही नाही. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावं देण्यात आली.

अशा नावाची पडताळणी करताना नकोशी, नकुशी, नकुसा, नकोसा ही सगळी रूपं शोध. एकाच मुलीचं नाव दोन कागदांवर दोन प्रकारे सापडतं. जन्मनोंद गावात ग्रामपंचायतीकडे असते, शहरात नगरपरिषद किंवा महापालिकेकडे. तिथे नावाचा रकाना कोरा दिसला तर लगेच ‘गोष्ट खोटी’ म्हणू नकोस. जन्माची नोंद नावाशिवायही होते. नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क भरता येतं आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क देऊन. जुन्या पिढीसाठी तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक पाहावं लागतं. बरीच पानं मोडी लिपीत असतात, तेव्हा वाचणारा जाणकार सोबत ने. त्यात अनेकदा बापाचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच असतं. दवाखान्यातल्या ‘बेबी ऑफ’ अमुक या नोंदीचंही तसंच. ती लसीकरण कार्डावर तशीच राहून जाते आणि पाहणाऱ्याला तेच मुलाचं नाव वाटतं.

माझा सर्वांत जास्त भरवसा शाळेच्या जनरल रजिस्टरवर. दाखल करताना पालकांनी सांगितलेलं नाव तिथे शाईत उतरतं आणि पुढचा शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. नाव बदललं असेल तर राजपत्रातली जाहिरात माग. नुसता सत्काराचा फोटो पुरेसा नाही. समारंभ झाला तरी आधार, रेशनकार्ड आणि दाखला वेगवेगळे बदलावे लागतात, आणि एखादा मागे राहतोच.

एखाद्या घटनेवरून नाव पडलं असं कोणी सांगितलं, तर तारखा शेजारी शेजारी मांड. तमिळनाडूतले नेते एम. के. स्टालिन यांचं नाव सोव्हिएत नेता जोसेफ स्टालिन याच्या मृत्यूवरून ठेवलं, असं सांगतात. त्यांचा जन्म १ मार्च १९५३चा आणि त्या सोव्हिएत नेत्याचा मृत्यू त्याच वर्षी ५ मार्चचा. मूल चार दिवसांचं असताना हा मृत्यू झाला, म्हणजे तारखा गोष्टीशी जुळतात. त्याने गोष्ट सिद्ध होत नाही, पण जिथे मूल घटनेच्या वर्षभर आधीच त्या नावाने शाळेत जात होतं, ती गोष्ट तिथेच संपते.

मूल अजून शाळेत असेल तर नोंदींची नक्कल पालकांच्या संमतीशिवाय मागू नकोस. लेखात गाव, शाळा आणि आडनाव देऊ नकोस, फोटो तर नाहीच. नकोशीच्या बाबतीत फक्त जुनं नाव लिही. नवं नाव तिने पुसून काढलेल्या ओळखीशी पुन्हा जोडलं जाईल असं काही छापू नकोस. मुलगी सज्ञान असेल तर आईबापांना विचारण्याआधी तिला विचार, आणि ती नाही म्हणाली तर ते प्रकरण वगळ, पुरावा कितीही पक्का असला तरी.

सुधारलेली यादी पाठव. प्रत्येक नावापुढे कागद कोणता आणि तो कुठे पाहिला, हे लिही.

कळावे, लोभ असावा.