"प्रार्थना करतो" म्हणण्याआधी

तू आपल्या चर्चच्या मंडळीत नवा आहेस, अडचणीतल्या माणसांना मदत करायला कुठून सुरुवात करू असं विचारलंस. रविवारी उपासना संपली की लगेच पळू नकोस. चपला घालता घालता माणसं खरं बोलतात. कोणाची नोकरी सुटली, कोण तीन रविवार दिसलेलं नाही, ते तिथेच कळतं.

माझीच चूक सांगतो. ऐरोलीतल्या एका ताईंच्या यजमानांना दवाखान्यात ठेवलं होतं. मी फोनवर "प्रार्थना करतो हं" म्हटलं, आणि केलीही. नंतर कळलं, ताई चार दिवस वडापाववर होत्या. डब्याचं कोणी विचारलंच नव्हतं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढ, वचनं 15 आणि 16. उपाशी भावाला नुसतंच 'सुखाने जा' म्हणणारा माणूस तिथे आहे. तो मीच.

तेव्हापासून "काही लागलं तर सांगा" म्हणत नाही. सांगतं कोण? "उद्या एक वाजता डबा आणतो, तिखट चालेल ना?" असं विचारायचं. मऊ भात, मुगाची आमटी, लोणचं वेगळ्या डबीत. ठाण्याहून वाशीची लोकल दुपारी त्यातल्या त्यात रिकामी मिळते, आमटी सांडत नाही.

पैशांची मदत मात्र परस्पर करू नकोस. पाळकसाहेबांच्या कानावर घालून, पाकिटावर नाव न लिहिता दे. ग्रुपवर फोटो तर अजिबात नको.

आणि ज्याच्याशी पटत नाही त्याचाही डबा कधीतरी तुझ्या वाट्याला येईल. माझ्या आला होता. भात जरा कच्चाच राहिला, खरं सांगायचं तर.