मनाचे प्रश्न: करणी, रक्त की गांजा?

प्रश्न: धाकटा भाऊ, वय 22. दीड वर्षापूर्वी सुरतला लूमवर कामाला गेला. चार महिन्यांपासून झोपत नाही, खोलीतली पोरं जेवणात काहीतरी कालवतात म्हणतो, एकटाच कुणाला तरी उत्तरं देतो. आता गावी आणलंय. आई म्हणते करणी केली. मामा म्हणतात, आजोबांचे चुलतभाऊ असेच होते, रक्तातलंच आहे. मित्र गांजाचं सांगतात. खरं कारण कोणतं? लग्न लावलं तर सुधारेल का?
– एक वाचक, एरंडोल तालुका

उत्तर: मामा आणि मित्र, दोघांचंही थोडंथोडं खरं आहे. पण त्यातलं एकच कारण धरून बसाल तर चुकाल.

आधी रक्ताचं. तुम्ही सांगता ती लक्षणं स्किझोफ्रेनियाची असू शकतात, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं आणि खोटा संशय पक्का बसणं हा आजार. तो साधारण शंभरात एकाला होतो. आई किंवा वडिलांना असेल तर मुलांमध्ये शंभरात दहाच्या आसपास, म्हणजे नव्वद जण त्यातूनही सुटतात. आजोबांचे चुलतभाऊ हे फार लांबचं नातं, त्यानं धोका जेमतेम वाढतो. अगदी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांत एकाला आजार असला, तरी दुसऱ्याला तो होण्याची शक्यता निम्मी किंवा त्याहून कमी. सगळं रक्तातच असतं, तर दोघांनाही झाला असता.

उरलेला भार आयुष्य टाकतं. लहानपणीची मारहाण किंवा अत्याचार, गाव सोडून परक्या ठिकाणी एकटं पडणं, कोवळ्या वयातला रोजचा गांजा, यांनी धोका वाढतो. स्थलांतराबद्दलचे भक्कम पुरावे मुख्यतः युरोपात गेलेल्यांचे आहेत, म्हणून सगळा दोष सुरतवर टाकू नका. बारा तासांची पाळी आणि अपुरी झोप मात्र आधीच कच्च्या मनाला ढकलू शकते.

मेंदूत काय होतं? डोपामिन हे रसायन ‘हे महत्त्वाचं आहे, लक्ष दे’ असा शिक्का मारतं. आजारात तो कशावरही बसतो. शेजारचा खोकला, की खूण केली. भाजीत मीठ जरा जास्त पडलं, की काहीतरी कालवलं. शिक्का खरा वाटतो म्हणून मन त्याची गोष्ट रचतं. ती गोष्ट वाद घालून मोडत नाही. ‘तुला भीती वाटत असणार’ एवढं म्हणा आणि सोबत बसा.

भाऊ, एक चूक हमखास होते, ती तुमच्या घरी होऊ देऊ नका. गोळी लपवून चहात किंवा भाजीत कालवू नका. जेवणात काही मिसळतात हाच त्याचा संशय आहे, आणि तुम्ही तो खरा करून द्याल.

डॉक्टरांकडे नेताना आधी शरीर तपासायला सांगा: साखर, सोडियम, थायरॉइड, बी-12, गरज वाटल्यास मेंदूचा स्कॅन. तारीख, गाव, माणसं ओळखेनासा झाला, ताप आहे, संध्याकाळी बडबड वाढते, नसलेले किडे दिसतात, तर तो बहुधा शरीराचा आजार असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. रोजची दारू बंद केल्यावर दोन ते चार दिवसांत, किंवा धोतऱ्याचं बी पोटात गेल्यावरही असंच होतं. स्किझोफ्रेनियात माणूस सहसा शुद्धीत असतो, सगळ्यांना ओळखतो, आणि तरी आवाज ऐकतो.

गांजा बंद करून महिना झाला तरी आवाज चालूच असतील, तर ‘गांजाचंच आहे, उतरेल’ म्हणून वाट पाहू नका. उपचाराविना जितका काळ जातो, तितकं पुढचं सुधारणं अवघड होतं.

औषधानं झोप आणि चिडचिड पहिल्या आठवड्यात बरी होते, संशय ओसरायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या काही दिवसांत मान वाकडी होऊन आखडली किंवा डोळे वर चढले, तर तो औषधाचा परिणाम. इंजेक्शननं लवकर उतरतो, लगेच न्या. बरेच जण इथेच घाबरून गोळ्या सोडतात. बरं वाटल्यावरही निदान एक-दोन वर्षं औषध चालू ठेवावं लागतं. सोडायचं असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हळूहळू. वजन आणि साखर मात्र मोजत राहा.

लग्न हा उपचार नाही. आजार लपवून लावलेलं लग्न त्याचा ताण वाढवतं, आणि त्या मुलीवर सरळ अन्याय करतं.

आईला भगताकडे जायचं असेल तर भांडू नका, पण गोळ्या थांबणार नाहीत एवढं कबूल करून घ्या. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण किंवा मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात 2013च्या कायद्यानं गुन्हा आहे. साखळीनं बांधायला 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभागाची चौकशी करा. घरबसल्या विचारायचं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा, 14416, मोफत, मराठीतही.

प्रश्न: बहीण माहेरी बाळंत झाली, आज नववा दिवस. तीन रात्री झोपली नाही, बाळ आपलं नाही म्हणते. ‘बाहेरचं लागलं’ म्हणतात.
– एक वाचक, साक्री

उत्तर: ताई, उद्यावर ढकलू नका, आजच न्या. हा बाळंतपणानंतर अचानक होणारा मनाचा गंभीर आजार (पोस्टपार्टम सायकोसिस) असू शकतो. हजार बाळंतपणांत एक-दोघींना तो होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. तिला आणि बाळाला दोघांनाच खोलीत ठेवू नका. ताप असेल तर जंतुसंसर्ग, जोराची डोकेदुखी किंवा आकडी असेल तर मेंदूच्या शिरेतली गुठळी, हे आधी पाहावं लागतं. दूध पाजायचं की नाही, हे कोणतं औषध सुरू झालं त्यावर ठरेल, डॉक्टरांना विचारा. वेळेत उपचार मिळाले तर यातून बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. पुढच्या बाळंतपणात हे परत होऊ शकतं. म्हणून आजचे कागद जपून ठेवा आणि पुढच्या खेपेला नाव नोंदवतानाच ते दाखवा.