मुलीचे दुसरे खाते आणि तुमची काळजी

प्रिय पालक,

तुमच्या पत्रात मुलीच्या गुणांविषयी एकच वाक्य आहे. बाकी सगळे पत्र तिच्या दुसऱ्या खात्याविषयी आहे. संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेली तुमची मुलगी मॅस्टडॉन या विकेंद्रित, म्हणजे कोणा एका कंपनीच्या ताब्यात नसलेल्या, समाजमाध्यमावर एका खात्यावरून स्वतःच्या नावाने इंग्रजीत तांत्रिक लेखन करते आणि दुसऱ्यावरून टोपणनावाने मराठीत लिहिते. हे दुसरे खाते तुम्हाला तिच्या लॅपटॉपवर उघडे दिसले, तुम्ही जुन्या नोंदींपर्यंत ते वाचून काढले आणि आता नोकरी देणाऱ्यांच्या नजरेस पडण्याआधी तिने ते पुसून टाकावे, असे मी तिला पटवून द्यावे अशी तुमची अपेक्षा आहे. विकेंद्रित समाजमाध्यमे आणि बहुभाषिक ओळख या विषयावरचे तिचे टिपणही तुम्ही सोबत जोडले आहे, बहुधा तिला न विचारताच.

मी तिला असे काहीही पटवून देणार नाही. तुम्ही उद्धृत केलेल्या नोंदींत लाज वाटावी असे एकही वाक्य नाही. वर्गात इंग्रजीतून शंका विचारायची वेळ आली की घसा कोरडा पडतो, असे मात्र तिने दोनदा लिहिले आहे. ते वाचून तुम्हाला मुलाखतीची चिंता वाटली. ही गोष्ट तिने घरात का सांगितली नाही, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही, आणि मला तिच्या गुणांपेक्षा याचीच काळजी अधिक वाटते. सज्ञान मुलीचे खासगी लेखन चोरून वाचायचे आणि मग ते तिच्याच हिताच्या नावाखाली बंद करायला लावायचे, याला मार्गदर्शन म्हणता येत नाही. या उत्तराचा पुढचा भाग तिच्यासाठी असल्याने तुम्हाला तो तिला द्यावाच लागेल. देण्यापूर्वी खाते वाचल्याचे तुम्ही स्वतः तिला सांगा.

एक गैरसमज मात्र तुम्हा दोघांचाही आहे. खाते बंद केले की लिहिलेले नाहीसे होईल, असे तुम्हाला वाटते. विकेंद्रित जाळ्यावर आपले लेखन पूर्णपणे आपल्या ताब्यात असते, असे तिने टिपणात लिहिले आहे. मॅस्टडॉनचे सर्व्हर वेगवेगळ्या लोकांचे असतात आणि डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने 2018 मध्ये मान्य केलेल्या अ‍ॅक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलने, म्हणजे संवादाच्या ठरलेल्या नियमांनी, ते एकमेकांशी बोलतात. तुमचे अनुयायी ज्या ज्या सर्व्हरवर असतील, तिथे तुमच्या नोंदीची प्रत पोहोचते. नोंद पुसली की त्या सर्व्हरांना ती काढून टाकण्याचा संदेश जातो आणि बहुतेक सर्व्हर तो पाळतात, परंतु न पाळणाऱ्यावर सक्ती करण्याची सोय प्रोटोकॉलमध्ये नाही. खाते दुसऱ्या सर्व्हरवर हलवले तर अनुयायी सोबत येतात, जुन्या नोंदी येत नाहीत. केवळ दोघांतले म्हणून पाठवलेले संदेशही सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येऊ शकतात. तेव्हा पुसण्याचा आग्रह तांत्रिकदृष्ट्याही अपुरा आहे आणि पूर्ण ताब्याचा दावाही टिकणारा नाही.

आता मुलीसाठी. तुझ्या टिपणाचा पहिला अर्धा भाग भाषण आहे, तो काढून टाकलास तरी काही बिघडणार नाही. एका माणसाला भाषेगणिक वेगळे खाते का उघडावे लागते, हा दुसऱ्या भागातला प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो अभियांत्रिकीचा आहे. अ‍ॅक्टिव्हिटीपब ज्या शब्दसंग्रहावर, म्हणजे नोंदीतल्या माहितीसाठी ठरवलेल्या नावांवर, उभा आहे, त्यात एकच मजकूर अनेक भाषांत देण्याची सोय आहे. तरीही मॅस्टडॉनवर लिहिताना एका नोंदीला एकच भाषा निवडता येते. ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमावरच्या नोंदीला तीनपर्यंत भाषा जोडता येतात. मॅस्टडॉनच्या 2022 मधील चौथ्या आवृत्तीपासून, एखाद्याच्या फक्त अमुक भाषेतल्याच नोंदी पाहण्याची निवड वाचकाला करता येते, म्हणजे तुझी दोन खाती एकत्र नांदण्याची निम्मी व्यवस्था आधीच झालेली आहे. उरलेली निम्मी, लिहिणाऱ्याने प्रत्येक वेळी भाषेची खूण नीट करण्यावर अवलंबून आहे, आणि घाईत ती चुकते. यंत्राने भाषा ओळखावी म्हटले, तर छोट्या नोंदीत मराठी आणि हिंदी यांची लिपी एकच, शिवाय मध्येच इंग्रजी शब्द; तिथे यंत्रही अडखळते.

म्हणून ‘विकेंद्रित समाजमाध्यमांत करिअर’ हा तुझा बेत मला कच्चा वाटतो. हे प्रकल्प चालवणारे चमू लहान आहेत आणि पगारी जागा मोजक्या आहेत. भाषा ओळखणे, शोध, लिपीची मांडणी, अनेक भाषांतील मजकुराचे नियमन ही कामे मात्र बहुतेक मोठ्या सॉफ्टवेअरला लागतात. भाषा तंत्रज्ञानाकडे वळ, विकेंद्रित जाळी तुझी प्रयोगशाळा राहू दे. पदव्युत्तर शिक्षणासाठी जीआरई ही प्रवेशपरीक्षा किंवा इंग्रजीची परीक्षा लागत असेल तर ती दे, त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. त्याआधी मॅस्टडॉनच्या सर्वांना खुल्या असलेल्या संहितेतला (सोर्स कोडमधला) भाषेच्या निवडीशी संबंधित एखादा लहान दोष शोध, दुरुस्त कर आणि दुरुस्ती तपासणाऱ्यांच्या हरकतींना लेखी उत्तरे दे. इंग्रजीतून शंका विचारण्याचा सरावही तिथे होईल आणि समोर वर्ग नसेल. गूगल समर ऑफ कोड हा खुल्या संहितेच्या प्रकल्पांत नवशिक्यांकडून काम करून घेणारा गूगलचा उपक्रम 2022 पासून विद्यार्थी नसलेल्यांसाठीही खुला आहे, तेव्हा यंदा जमले नाही म्हणून पदवी लांबवू नकोस.

बायोडेटात नावाचे खाते आणि त्या दुरुस्त्यांचे दुवे दे. मराठी खात्याचा उल्लेख करायचा की नाही, हे तूच ठरव. मुलाखतीत त्याविषयी कोणी विचारलेच, तर उत्तर देण्याचे बंधन तुझ्यावर नाही.