लाल डोळा आणि फ्रिजमधली बाटली

यावेळच्या पत्रांत एक गोष्ट जवळपास सगळीकडं सारखी आहे. डॉक्टरकडं जायच्या आधीच डोळ्यात काहीतरी टाकून झालंय, कुणी मेडिकलमधनं आणलेलं, कुणी फ्रिजमधली जुनी बाटली. दुसऱ्याचा चष्मा आपण घालत नाही, ड्रॉप मात्र बिनधास्त घालतो.

प्रश्न : मी विड्या वळते, चाळिशी ओलांडली. संध्याकाळ झाली की डोळ्यात वाळू गेल्यासारखं टोचतंय, आग होतीय आणि पाणी यायलंय. मेडिकलवाला म्हणतो डोळे कोरडे पडलेत. एवढं पाणी गळतंय तर कोरडे कसे? – एक ताई, विडी घरकुल

उत्तर : ताई, प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि गंमत म्हणजे मेडिकलवालाही बहुतेक बरोबर आहे. डोळ्यातलं पाणी नुसतं पाणी नसतं, त्याच्यावर तेलाचा पातळ थर असतो, तो पापणीच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येतो. तेल कमी पडलं की पाणी उडून जातं, बुबुळ उघडं पडतं, टोचायला लागतं, आणि मग डोळा घाईघाईनं भसाभसा पाणी सोडतो पण ते टिकत नाही, गालावर येतं. त्यात तुमचं काम खाली मान घालून एकटक बघायचं. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी मिटतो, बारीक कामात किंवा मोबाइलवर ते निम्म्यावर येतं, वरनं तंबाखूची धूळ, सोलापूरचा मे महिना आणि तोंडावर फॅन. फॅनची दिशा बदला, मध्येमध्ये मुद्दाम डोळे मिटा, रात्री कोमट पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ कापडानं पापण्या शेका. लाली घालवणारे ड्रॉप रोज घालू नका, ते बंद केले की डोळे आणखी लाल होतात. आणि एकदा जवळचा नंबर तपासून घ्या, चाळिशीचा चष्मा टाळला तरी डोळे असेच शिणतात.

प्रश्न : ऊस तोडताना पाचट डोळ्याला लागलं. मेडिकलमधनं ड्रॉप आणला, पहिल्या दिवशी लई बरं वाटलं. आता चौथ्या दिवशी उजेडाकडं बघवंना आणि काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसायलाय. – शेतकरी, मोहोळ तालुका

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचल्या वाचल्या फोन केला होता, तुम्ही दाखवून आलात हे कळलं म्हणून जीव भांड्यात पडला. आता लिहितोय ते बाकीच्यांसाठी, कारण आपल्याकडं ऊस आहे, ज्वारी आहे आणि सुगीत हे नेहमीचंच. पानानं बुबुळावर बारीक ओरखडा पडतो आणि पानावरची बुरशी आत शिरते. ती हळूहळू वाढते, त्यामुळं पहिले एक-दोन दिवस माणसाला वाटतं होईल बरं. पुढं दुखणं, पाणी, उजेड सहन न होणं आणि मग पांढरा ठिपका, म्हणजे बुबुळावरची जखम. पहिल्या दिवशी बरं का वाटलं? अशा ड्रॉपमध्ये पुष्कळदा स्टिरॉइड असतं. ते लाली आणि दुखणं झाकतं, पण बुरशीला मोकळं रान देतं. हेच ड्रॉप महिनोन्‌महिने घातले तर डोळ्यातलं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. बुरशीचं औषध वेगळं असतं आणि ते कित्येक आठवडे घालावं लागतं, मध्येच सोडायचं नाही. उशीर झाला तर जखम भरते पण फूल, म्हणजे पांढरा डाग, राहतं, नजर त्याच्यामागं अडकते. काही गेलं तर स्वच्छ पाण्यानं धुवा, चोळू नका, मध-एरंडेल घालू नका, आणि गावात अजून जिभेनं कचरा काढणारे आहेत त्यांना लांबनंच हात जोडा. चुना उडाला तर मात्र आधी निदान अर्धा तास पाणी मारत राहायचं, मग दवाखाना.

प्रश्न : आई ६८ वर्षांची, शुगर आहे. मोतीबिंदू सांगितलाय पण ती म्हणते पिकू दे, सिद्धेश्वराची गड्डा जत्रा झाली की बघू, आणि उन्हाळ्यात तर नकोच. उलट आता तिला चष्म्याशिवाय पोथी वाचता येतीय, म्हणजे सुधारतंय ना? काचबिंदू याच्यातूनच होतो का? – जुळे सोलापूर

उत्तर : सुधारत नाहीये. मोतीबिंदूत भिंग घट्ट होत जातं तसा नंबर बदलतो, त्यामुळं काही दिवस जवळचं छान दिसतं, मग तेही जातं. पिकवायचा सल्ला जुन्या काळातला. आता छोट्या छेदातनं गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात, ऋतूचा काही संबंध नाही, उलट फार पिकलं तर ऑपरेशन अवघड होतं आणि कधीकधी प्रेशरही वाढतं. काचबिंदू हा मुळात वेगळा आजार, त्यात डोळ्याच्या नसेचं नुकसान होतं, बहुतेकांना काही दुखत नाही, कडेकडेनं नजर कमी होत जाते आणि गेलेली परत येत नाही. एकदम डोळा दुखून उलटी आणि दिव्याभोवती रंगीत कडं दिसलं तर त्याच रात्री निघा. शुगर असल्यानं आईंचा मागचा पडदाही वर्षातून एकदा तपासायचाच, आणि ऑपरेशनच्या आधी शुगर आटोक्यात हवी. गड्डा दरवर्षी येतो हो.

प्रश्न : धाकट्याचे डोळे आलेत. त्याच्याकडं बघितलं तर आपले येतात का? – साखर पेठ

उत्तर : बघून येत नाहीत, हातानं आणि टॉवेलनं येतात. गॉगल त्याला उजेड टोचू नये म्हणून. हात साबणानं धुवा, उशीची खोळ वेगळी, शाळा थोडे दिवस बंद, आणि टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. सगळ्या देशाला टॉवेल पुरवणाऱ्या गावात घरात एकच टॉवेल चारजण वापरतात, हे मला अजून कळलेलं नाही.